तुमच्या जवळची एकोणीस माणसं

८ जानेवारी २०२५

अकोल्याच्या दवाखान्यातल्या सिस्टरनं मला ही डायरी दिली. औषधाच्या कंपनीची आहे, दर पानाखाली कुठल्यातरी गोळीचं नाव छापलंय. कोरी कशाला ठेवायची, म्हणून लिहायला बसले. बारावीनंतर मापं सोडून मी काही लिहिलेलं नाही.

मी प्रणाली. अमरावतीत घराच्या पुढच्या खोलीत माझं शिलाईचं दुकान आहे. सहदेवचा फुलांचा धंदा. वलगावच्या शेतातून झेंडू, शेवंती आणून बाजारात घालतो. (तोंडानं नवऱ्याचं नाव घेत नाही, वहीत घ्यायला काय हरकत आहे?) घरात तिसऱ्या म्हणजे सासूबाई, मैनाबाई.

आठ वर्षांपूर्वी सासूबाईंच्या छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. उजवी बाजू काढली. डॉक्टरांनी जीव वाचवला, त्यांचे उपकार कधी फिटायचे नाहीत. पण एका बाजूला वजन राहिलं नाही की खांदा झुकतो, पाठ धरते, आणि बाईला आरशात बघवत नाही, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. त्या जागी घालायला तयार मिळतं ते रबरासारखं. आमच्या उन्हाळ्यात त्यानं अंगावर नुसतं पुरळ उठायचं. शेवटी सासूबाईंनी स्वतःच एका पिशवीत ज्वारी भरून ती ब्लाउजात घातली. वजन जमलं. पण महिनाभरात ज्वारीत किडे झाले. “चालतं-फिरतं कोठार झाली व माय मी,” म्हणून त्या हसत सुटल्या.

त्या हसल्या आणि मी कापड काढलं. बाहेरून मऊ सुती खोळ, आत कापूस, वजनाला भाजून वाळवलेली मोहरी, आणि ब्लाउजला आतून खिसा. पाच वेळा बिघडला, सहाव्यांदा बरोबर बसला. सासूबाई दिवसभर घालून फिरल्या आणि म्हणाल्या, “आता हे फक्त माह्यासाठी नको ठेवू.”

त्यातून ‘उभारी’ सुरू झाली. मेल काढला, त्याच्या पानावर ‘उभारी, शस्त्रक्रियेनंतरची वस्त्रं’ असं लिहून कामाची माहिती आणि फोन नंबर घातला. सिस्टर बायकांना माझ्या मेलच्या पत्त्याची चिठ्ठी देते. फोन कोणी करत नाही. घरातला फोन कोणीही उचलतं, व्हॉट्सॲपवर फोटो दिसतो. मेल मात्र घरात दुसरं कोणी उघडत नाही. बायका मापं लिहितात, हवं ते नाव लिहितात. कोणी ‘क’ आहे, कोणी ‘एक ताई’. मी विचारत नाही. आजच्या घडीला अशा एकोणीस बायका माझ्याशी बोलतात. ज्या कंपनीनं ही मेलची सोय फुकट दिली, तिचं भलं होवो.

१३ जानेवारी

‘जास्वंद, अकोला’ नावाच्या बाईचा मेल आला. हिला दोन महिन्यांपूर्वी एक ब्लाउज करून पाठवला होता, सिस्टरच्या हाती. आता दुसरा हवाय, धुवायला टाकला की बदलायला. तेव्हाच मला गंमत वाटली होती, हिची मापं बरोबर आमच्या पार्बताताईसारखी. खांदा, छाती, बाहीचा घेर, सगळं. म्हणून ताईच्या ब्लाउजचा जुना कागद काढून त्यावरच कापलं होतं. नवीन आखायचा वेळ वाचला. आजही तोच कागद काढला.

ताईवरून आठवलं. पार्बताताई म्हणजे सहदेवची मोठी बहीण, अकोल्यात असते. यंदा दिवाळीला आली नाही, आता संक्रांतीलाही येत नाही म्हणे. दर वर्षी माझ्याकडून चार ब्लाउज शिवून नेणारी बाई, यंदा एक नाही. मी फोनवर विचारलं तर म्हणाली, “रेडिमेड घेतले व. तुले कायले तरास?” मला वाईट वाटलं. माझा हात आता तिला आवडत नसेल. अकोल्याच्या बाजाराची हवा लागली. सासूबाई रोज विचारतात, “पार्बता काहून नाई येऊन राहिली?” काय सांगू?

२७ जानेवारी

आज आकांक्षा मॅडम आल्या. अकोल्याच्या एका कॉलेजात शिकवतात, वय एकोणतीस. एकोणीसजणींमधली ही एकटीच आपलं खरं नाव लिहिते आणि दुकानात येते. लग्न ठरलंय, एप्रिलात. शालूवरचा ब्लाउज माझ्याकडूनच शिवायचा म्हणून बडनेऱ्यापर्यंत रेल्वेनं, पुढे ऑटोनं आली.

मी मापं घेताना हळूच विचारलं, “त्यांना माहीत आहे ना?”

“शेखरला? छोटं ऑपरेशन झालं होतं, एवढं माहीत आहे. पूर्ण सांगितलं नाही.” मग आरशात माझ्याकडे बघून म्हणाली, “नऊ तारखेला तो पुण्याहून येतोय. समोर बसून सांगणार आहे. काय काय बोलायचं ते ठरवून ठेवलंय मी. कोणत्या हॉटेलात बसायचं तेसुद्धा.”

सासूबाईंनी तिला तिळगूळ दिला, संक्रांत होऊन तेरा दिवस झाले तरी. म्हणाल्या, “घाबरू नको पोरी. ज्याले समजायचं त्याले समजते.” ती वाकून पाया पडली. देवानं मला कुठल्या कुठल्या माणसांशी जोडलंय, असं वाटून डोळे भरून आले.

२ फेब्रुवारी

आज मेल उघडला तर वेगळंच. रंगीत पाटी आली, ‘तुमच्या जवळची १९ माणसं जोडली गेली आहेत! त्यांना तुमच्याबद्दल कळवलं आहे.’ खाली ‘ठीक आहे’ असं बटण. दाबलं. मेलच्या शेजारी एक नवं पान आलंय, ‘तुमचे जवळचे’. गोल गोल फोटो. नीट बघायला वेळ नव्हता, गिऱ्हाईक बसलं होतं. पण म्हटलं, बघा, कंपनीलासुद्धा कळलं माझी जवळची माणसं कोण ते. बरं वाटलं.

३ फेब्रुवारी

काय लिहू?

सकाळी नऊला एका बाईचा फोन. आवाज ओळखीचा नाही. “ताई, तुम्ही माझं नाव सगळ्यांना कसं काय सांगितलं?” मी म्हटलं, कोणाला सांगितलं? ती रडायलाच लागली. तिच्या जावेच्या फोनवर आलंय म्हणे, ‘तुमच्या ओळखीची अमुक बाई उभारी, शस्त्रक्रियेनंतरची वस्त्रं, हिच्या जवळची आहे.’ जाऊ सगळ्यांसमोर वाचून दाखवत होती. फोन ठेवला नाही तोच दुसरा. मग तिसरा.

अकरा वाजता आकांक्षा मॅडमचा. रडत नव्हती. ते जास्त वाईट होतं.

“शेखरच्या आईच्या फोनवर दिसलं. तुमचं नाव, त्याच्यापुढे तुमच्या कामाचं नाव, आणि त्याच्याखाली माझा फोटो. त्यांनी तुमचं पान उघडून सगळं वाचलं. मला काल संध्याकाळी बोलावून विचारलं, तुला दोन्ही आहेत का?”

मी मशीन बंद केलं.

“सहा दिवस, ताई. सहा दिवसांनी मीच सांगणार होते.”

तिनं फोन ठेवला. मी मशीनसमोर बसून राहिले. ते ‘ठीक आहे’ मीच दाबलं होतं. वाचलंही नाही.

४ फेब्रुवारी

सकाळी परत आकांक्षा मॅडमचा फोन. उचलायची हिंमत होत नव्हती, सासूबाईंनी उचलून माझ्या कानाला लावला.

“ताई, फोन हातात घ्या. मी सांगते तसं करत जा. उरलेल्या अठराजणींचं आधी बंद करू.”

परवा जिचं सगळं उघडं पडलं, ती आज मला एकेक पायरी शिकवत होती. वर तीन रेघा आहेत का? त्या दाबा. सगळ्यात खाली जा. अजून खाली. बारीक अक्षरं दिसतात? ते बंद करायचं बटण चार पानं आत लपवून ठेवलं होतं. अर्धा तास लागला. मी मधेच म्हटलं, मॅडम, मी ते बटण दाबायला नको होतं. ती म्हणाली, “तुम्ही परवा, रविवारी दाबलंत. माझ्या फोनवर ती सूचना शनिवारीच येऊन पडली होती, मी पाहिली नव्हती. त्यांनी आधीच सुरू करून टाकलं होतं, विचारल्यासारखं नंतर केलं. स्वतःला दोष देत बसू नका, वेळ नाही.”

ही पोरगी कोणत्या मातीची आहे? तिचे उपकार मी कुठे ठेवू?

बंद करण्याआधी एकेकीला कळवायचं म्हणून ती गोल फोटोंची यादी मी पहिल्यांदाच नीट पाहिली. ज्यांनी मला नाव सांगितलं नव्हतं, त्यांची फोनमधली खरी नावं आणि खरे फोटो तिथे होते. ‘क’ कोण, ‘एक ताई’ कोण. मला बघायचं नव्हतं तरी दिसलं.

आणि ‘जास्वंद’. फोटो कौंडण्यपूरच्या जत्रेतला, नदीकाठी उभी. तो फोटो मीच काढलाय. पार्बताताई.

संध्याकाळी

सहदेवच्या फोनवरही आलं होतं. बाजारातून आला तो सरळ माझ्यापाशी. “हे का आहे? पार्बताचं नाव तुह्या यादीत काहून?” तो खुर्चीत बसला. टोपलीतली फुलं अंगणात तशीच राहिली. मग म्हणाला, “तिनं मले सांगतलं नाई.”

सासूबाई आत भाकर करत होत्या. तो उठून आत जायला निघाला तर मी हात धरला.

“तुम्ही सांगू नका.”

“माय आहे ते तिची!”

“म्हणूनच. ताईनं सांगितलं नाही, तर काही विचार करूनच सांगितलं नसेल. आपल्याला कळलं ते चोरीचं कळलंय.”

तो माझ्यावर चिडला. मग परत बसला. भाकर खाताना आईकडे बघवेना त्याला, ताटाकडे बघून जेवला. सासूबाई म्हणाल्या, “भाजी अळणी झाली का रे?” “नाई,” म्हणाला, आणि दोनदा घेतली.

५ फेब्रुवारी

ताईला फोन केला. मी ‘ताई’ म्हटलं. तीच म्हणाली, “पाह्यलं म्हन तू.”

“हो.”

“बुडीले माहीत झालं?”

बुडी म्हणजे तिची आई. मी म्हटलं, नाही, आणि आमच्याकडून कळणारही नाही.

मग ती सांगत गेली. श्रावणात गाठ लागली, गणपतीनंतर ऑपरेशन. भाऊजी आणि ती, दोघांनीच निभावलं. “तिले वाटलं असतं, माह्यामुळं झालं. माह्या रक्तातून गेलं पोरीत. आठ वर्सांनंतर ते आता कुठं हसून राहिली व. तिचं हसनं मी मोडू का?” मग म्हणाली, “चार दिवस दे मले.”

मी फोन ठेवून तिचा तो कागद काढला. दोन्ही वेळा त्यावरून कापलं मी. वीस वर्षं तिचे ब्लाउज शिवले. आणि मला वाटलं होतं, तिला रेडिमेडची हौस आली.

७ फेब्रुवारी

तीन दिवसांत एक सोडून सगळ्याजणींशी बोलले. मेलनं नाही, प्रत्येकीला विचारून, ती सांगेल त्या वेळेला, ती सांगेल त्या फोनवर. दोघी अमरावतीतच निघाल्या, त्यांच्या घरी गेले. एकीनं दार उघडलं नाही. एक म्हणाली, पुन्हा माझं नाव काढू नका. तिचं बरोबर आहे. पण बाकीच्या? अमरावतीतल्या दुसरीकडे मी माफी मागायला गेले तर तिनं चहा पाजला. एका आजीनं फोनवर मलाच धीर दिला, “तुमी का मुद्दाम केलं, बाई?” एवढ्या चांगल्या माणसांना मी त्रासात टाकलं. आणि देवानं तीच माणसं मला दिली.

कंपनीला तक्रार पाठवली, मॅडमनं लिहून दिली. उत्तर पाचव्या मिनिटाला आलं. ‘तुमचा अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे.’ कोणी वाचलं नसणार.

९ फेब्रुवारी

पार्बताताई आली. न सांगता, सकाळच्या एसटीनं, एकटी. मी मशीनवर होते. अंगावर तो माझ्याच हातचा ब्लाउज, दोन्ही खांदे सरळ. माझ्याकडे बघून मान हलवली आणि सरळ आत गेली. मी बाहेर थांबणार होते, तिनंच हात धरून नेलं.

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. “आली का व! किती सुकली!”

ताई त्यांच्यासमोर खाली बसली. “माय, मले तुह्यासारखंच झालं. ऑपरेशन झालं. आता बरी आहे मी.”

सासूबाईंचा हात सुपात तसाच राहिला. मग विचारलं, “कोनत्या अंगाले?”

“डाव्या.”

“माहं उजवं.”

मला वाटलं, आता या कोसळतील. त्यांनी सूप बाजूला सारलं, लेकीचं डोकं मांडीवर घेतलं, आणि केसांतून बोटं फिरवत म्हणाल्या, “दोघी मिळून एक बाई पुरी होते व आपली.”

ताई आधी हसली, मग इतकी रडली की सहदेव अंगणातून धावत आला आणि दारातच थांबला.

थोड्या वेळानं सासूबाई रागावल्यासुद्धा. “एकटीनं काढलं सारं? मले माहीत होतं ना, कुठं दुखते, कुशीवर कसं झोपाव, हात कसा वर न्याव. आठ वर्सं शिकली मी, ते कोनाच्या कामाचं?” दुपारी दोघी खोलीत हाताचे व्यायाम करत होत्या. भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची. सासूबाई मोजत होत्या.

निघताना ताई माझ्याजवळ आली. मी म्हटलं, बरं झालं ना ताई, मोकळं झालं. ती म्हणाली, “मोकळं वाटून राहिलं. खोटं काहून बोलू? पन मी सांगनारच होती, चैतात, सारे रिपोट चांगले आले म्हंजे. मिठाई घेऊन येनार होती.” मग माझा गाल चिमटीत धरून म्हणाली, “तू भावाले चूप ठेवलं. त्यानं मले चार दिवस तरी भेटले.”

एसटी गेली तरी मी थांब्यावर उभी होते. आज नऊ तारीख. आकांक्षा मॅडमचा शेखर आज येणार होता.

१५ फेब्रुवारी

अकोल्याला जाऊन आले. आकांक्षा मॅडमच्या घरी. शेखर आला होता, नऊ तारखेलाच. चांगला बोलला म्हणे, आवाज चढवला नाही. म्हणाला, आजाराचं काही नाही, पण मला दुसऱ्याकडून कळलं, आई म्हणते मुलगी लपवणारी आहे. लग्न मोडलं.

मी तिच्यासमोर बसले होते. शालूचा ब्लाउज पिशवीत, शिवून झालेला. काढायचा की नाही कळेना.

“तो कदाचित असाही नाही म्हणाला असता,” ती म्हणाली. “असं सगळे मला समजावतात. मला ते नकोय. हो म्हणाला असता की नाही, ते मला कधीच कळणार नाही आता. मी सांगताना त्याचा चेहरा कसा झाला असता, तेवढं मला बघायचं होतं. तो हक्क माझा होता.”

मी म्हटलं, हे सगळं मिटेपर्यंत मी काम बंद ठेवते. ती एकदम चिडली. “बंद? माझी मापं तुमच्याकडे आहेत. मी उन्हाळ्यात काय घालू?” आणि मग तीच हसली. तिनं ब्लाउज मागितला, घालून आली. सुरेख बसला होता. पैसे देते म्हणाली, मी कानावर हात ठेवले. “हा मी कॉलेजच्या गॅदरिंगला घालीन,” म्हणाली.

जिनं माझं तोंडही बघायला नको होतं, तिच्या घरून मी संत्र्यांची पिशवी घेऊन परत आले.

२८ फेब्रुवारी

पेपरात छोटी बातमी. खूप लोकांच्या तक्रारी गेल्यावर कंपनीनं ते ‘तुमचे जवळचे’ बदललंय. आता आधी विचारणार, मग जोडणार. सहदेवनं वाचून दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, “आधी इचारलं असतं तर बोट झिजलं असतं का त्यायचं?”

१२ मार्च

एकोणीसपैकी सतराजणी राहिल्या. दोघींचं पुन्हा काही आलं नाही. त्या दोघींसाठी रोज दिवा लावताना हात जोडते. बाकी देवाकडे मागायला काही उरलं नाही. ताई दर पंधरा दिवसांनी येते, मायलेकी भिंतीवर बोटं चालवतात. आकांक्षा मॅडमनं मला नवा मेल काढून दिला, सगळी बटणं आधी बंद करून. आणि सिस्टरनं चिठ्ठीवर आता दुकानाचा पत्ताही घातलाय, ज्यांना यायचं त्यांनी यावं म्हणून.

आज त्या पत्त्यावर पहिली बाई आली. चांदूर बाजारची, पस्तिशीची, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट घेतलेला. बराच वेळ बाहेर उभी होती. आत आली, बसली, पाणी प्यायली. मी वही पुढे ओढली.

“नाव लिहा लागते का?” तिनं विचारलं.

“नाही. एखादी खूण सांगा. फूल, फळ, काहीही. नाही सांगितली तरी चालते.”

ती वहीकडे बघत राहिली. मग माझ्या हातातला पेन घेतला आणि वही आपल्याकडे फिरवली. हळूहळू, शाळेतल्यासारखं, स्वतःचं नाव लिहिलं. मग नवऱ्याचं, आडनाव, गाव. लिहून झाल्यावर एकदा वाचून पाहिलं आणि वही परत माझ्याकडे सरकवली.

मी मापाचा टेप गळ्यात घातला आणि आधी उठून दार लावून घेतलं.